खडबडीत रस्त्यावरचे पट्टे : क्षेत्रफळ नको, वजन मोजा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा ओसरला की राज्यभर डांबरीकरणाच्या पाठोपाठ पांढरे-पिवळे पट्टे मारायची कामे निघतात. पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्यातले बरेच पट्टे रात्री दिसेनासे होतात आणि 'ठेकेदाराने माल खाल्ला' म्हणून लोक मोकळे होतात. कधी कधी ते खरेही असते. पण कार्पेट (डांबरात घोळलेल्या खडीचा थर) आणि सीलकोट (त्यावरचा डांबराचा पातळ थर) केलेल्या, खडीची डोकी वर आलेल्या रस्त्यावर चांगल्या प्रतीचा माल नियमाप्रमाणे टाकला तरी पट्टा टिकत नाही. त्याचे कारण अंदाजपत्रकात आहे. तिथे रस्ता काचेसारखा सपाट धरलेला असतो. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

आधी सपाट रस्त्याचा हिशोब पाहू. आपल्याकडे मोठ्या रस्त्यांवर गरम थर्मोप्लास्टिक वापरतात. राळ, पांढरे रंगद्रव्य, काचेचे मणी आणि चुनखडीची पूड यांचे हे कोरडे मिश्रण वितळवून गरम असतानाच रस्त्यावर ओढायचे असते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या विनिर्देशांत या थराची जाडी 2.5 मिलिमीटर सांगितली आहे, तीही वरून शिंपडायचे मणी वगळून. मालाची घनता लिटरला साधारण दोन किलो. म्हणजे सपाट जागी चौरस मीटरला पाच किलो माल लागतो आणि 25 किलोची एक गोणी पाच चौरस मीटरला पुरते. 10 सेंटिमीटर रुंदीची अखंड रेषा एक किलोमीटर ओढायची, तर क्षेत्रफळ होते 100 चौरस मीटर. त्याला माल 500 किलो, म्हणजे वीस गोण्या. वरून टाकायचे मणी चौरस मीटरला 250 ग्रॅम, म्हणजे आणखी 25 किलो. तुटक रेषेला रंगवलेल्या लांबीच्या प्रमाणात कमी.

आता रस्ता सपाट नाही असे धरा. खडीच्या माथ्यांखाली जी पोकळी असते तिची सरासरी खोली दाणेबंद डांबरी काँक्रीटवर, म्हणजे साइटवरच्या भाषेत 'बीसी'वर, साधारण अर्धा मिलिमीटर भरते. 20 मिलिमीटरच्या उघड्या दाण्यांच्या कार्पेटवर 'अ' प्रकारचा सीलकोट, म्हणजे डांबर फवारून वर बारीक खडी पसरलेली असेल, तर ती खोली दोन मिलिमीटरपर्यंत जाते. 'ब' प्रकारात डांबरात घोळलेली वाळू पोकळीत बसते, म्हणून तो पृष्ठभाग त्या मानाने बंद असतो. दोन्ही रस्ते कागदावर 'कार्पेट व सीलकोट' याच नावाने जातात आणि पट्ट्याचा दरही दोन्हींना एकच लागतो!

दोन मिलिमीटर खोलीच्या रस्त्यावर नुसती पोकळी भरायलाच चौरस मीटरला चार किलो माल जातो. खडीच्या माथ्यावर 2.5 मिलिमीटर थर हवा असेल तर पाचाच्या जागी नऊ किलो लागतील. गोणी पाच चौरस मीटरऐवजी पावणेतीनच झाकेल आणि किलोमीटरला वीसऐवजी छत्तीस गोण्या जातील. ठेकेदाराने अगदी प्रामाणिकपणे पाचच किलो टाकले, तर माथ्यावर उरतो अर्धा मिलिमीटर. गरम माल घट्ट असल्याने तळापर्यंत पुरता उतरत नाही, त्यामुळे प्रत्यक्षातला फरक थोडा कमी पडतो, पण हिशोबाची दिशा तीच राहते. पोळीवर चमचाभर तूप सगळीकडे पुरते. तेवढेच आंबोळीवर घातले की जाळीत मुरते. आणि गाडीचे चाक जाळीत उतरत नाही, ते माथ्यावरूनच जाते. म्हणून पट्टा झिजतो तेव्हा एकसारखा झिजत नाही. आधी खडीचे काळे ठिपके उघडे पडतात आणि पांढरे फक्त खळग्यांत उरते.

खडबडीतपणा मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. 300 ते 150 मायक्रॉनमधली कोरडी, चाळलेली वाळू 50 मिलिलिटर घ्यायची आणि झाडून घेतलेल्या कोरड्या रस्त्यावर तिचा ढीग करायचा. रबर लावलेल्या सपाट चकतीने ती गोल गोल फिरवत पसरायची, खडीचे माथे जेमतेम उघडे दिसेपर्यंत. मग वर्तुळाचा व्यास चार दिशांनी मोजून सरासरी काढायची. व्यास 25 सेंटिमीटर आला तर खोली एक मिलिमीटर, 20 आला तर 1.6, आणि 18 आला तर जवळपास दोन. एका जागेला पाच मिनिटे लागतात. चाकोरीतली खडी वाहतुकीने दबलेली असते, म्हणून वाळू पट्टा जिथे पडणार त्याच रेषेवर पसरावी. रस्त्याची कड मधल्या भागापेक्षा बहुतेकदा अधिक उघडी असते, आणि कडेची पट्टी नेमकी तिथेच येते.

जाडी तपासायची रूढ रीत म्हणजे यंत्राच्या वाटेत पातळ पत्रा ठेवायचा आणि त्यावर पडलेला थर थंड झाला की कॅलिपरने मोजायचा. फवारणी यंत्राच्या कामात हा पत्रा फसवतो. तो सपाट असल्यामुळे त्यावर 2.5 मिलिमीटर भरते, पण शेजारच्या खडीच्या माथ्यावर तेवढे नसते. हाताने ढकलायच्या यंत्रात माल तळाच्या चौकटीतून, म्हणजे 'शू'मधून पडतो. हा शू खडीच्या माथ्यांवरून घसरत जातो, म्हणून पोकळी आपोआप भरते आणि माथ्यावरही थर बसतो. तांत्रिकदृष्ट्या हे बरोबर आहे, पण गोण्या भराभर संपतात. मग शूच्या पात्याची, म्हणजे माल बाहेर पडायची, फट आवळली जाते. पत्रा ठेवायच्या जागी फट नियमाप्रमाणे, दहा मीटर पुढे पुन्हा आवळलेली. पत्र्याला हे कळत नाही, रिकाम्या गोण्यांना कळते.

रात्री दिसण्याचा प्रश्न याहून वेगळा आहे, आणि त्याकडे फारच कमी लक्ष जाते. रंग रात्री स्वतः चमकत नाही. काचेच्या मण्यात शिरलेला प्रकाश वाकतो, मण्यामागच्या पांढऱ्या मालावर आपटतो आणि आला त्याच वाटेने परत जातो. त्यासाठी मणी निम्म्याहून किंचित अधिक, साधारण 50 ते 60 टक्के, मालात रुतलेला हवा. पुरता बुडाला तर प्रकाश आतच जात नाही. कमी रुतला तर चार दिवसांत उडून जातो.

परावर्तन मोजायच्या उपकरणात 30 मीटर पुढचा पट्टा गृहीत धरलेला असतो. हेडलाइटची उंची 65 सेंटिमीटर आणि चालकाच्या डोळ्याची 1.2 मीटर. म्हणजे प्रकाश रस्त्याला जवळजवळ घासत, सव्वा अंशाच्या कोनात येतो. त्या कोनात दर मिलिमीटर उंचीची सावली सेहेचाळीस मिलिमीटर लांब पडते. खडीचा दाणा आजूबाजूच्या तळापेक्षा दोनच मिलिमीटर वर असला तरी त्यामागे नऊ सेंटिमीटरपर्यंत सावली. पुढचा दाणा तर सेंटिमीटरभरावरच असतो! तेव्हा खळग्यांत कितीही सुंदर पांढरा माल आणि मणी असोत, हेडलाइटला ते दिसतच नाहीत. उजळतात ते फक्त दाण्यांचे माथे आणि गाडीकडे तोंड केलेल्या बाजू. दुपारी वरून पाहणाऱ्याला पट्टा पांढराशुभ्र वाटतो, रात्री तोच पट्टा गायब होतो, त्याचे हे साधे कारण.

त्यातच मण्यांची चाल उलटी असते. वरून टाकलेला मणी माथ्यावरून घरंगळून खळग्यात जातो. माथ्यावरचा पातळ थर लवकर थंड झालेला असतो, तो मण्याला धरत नाही. खळग्यातला जाड थर गरम असतो, तिथे मणी बुडून जातो. चमकायला हवे तिथे मणी नाहीत आणि आहेत ते सावलीत, अशी दुहेरी अडचण. म्हणून मणी टाकायची पेटी शूच्या अगदी मागे हवी. माल पडला, कामगार चार पावले मागे राहिला आणि मुठीने मणी फेकले, तर ते नुसते साचतात. सकाळी वारा आणि टायर त्यांना कडेला नेऊन ठेवतात. मणी सगळे एकाच आकाराचे नसावेत. मोठे मणी जाड थरातही डोके वर काढून राहतात, बारीक मणी पातळ थर धरतात. मणी दमट झाले की त्यांच्या गुठळ्या होतात आणि पेटीतून घासाघासाने पडतात. रस्त्यावर मग ठिकठिकाणी चमकणारे पुंजके, मध्ये काहीच नाही.

दिशेचाही भाग आहे. यंत्र ज्या दिशेने जाते त्यानुसार दाण्याची एक बाजू नीट झाकली जाते आणि दुसरी उपाशी राहते. फवारणीत हे अधिक होते. एका दिशेने चालणाऱ्या मार्गिकेत ते खपून जाते. मधली रेषा मात्र दोन्हीकडच्या चालकांना दिसायला हवी. खडीच्या रस्त्यावर तिचे काम दोन पातळ हातांत करावे, एक जाताना आणि एक येताना. तपासतानाही उपकरण दोन्ही दिशांनी लावावे. हातातले उपकरण खडीवर नीट टेकत नाही, खालून बाहेरचा उजेड शिरतो आणि आकडे वरखाली होतात. एका आकड्यावर देयक काढू नये. एकेका जागी दहा नोंदी घेऊन सरासरी धरावी.

खडबडीतपणा शत्रूच आहे असेही नाही. पावसात गुळगुळीत पट्ट्यावर पाण्याचा पातळ पापुद्रा बसतो, मणी त्याखाली जातात आणि हेडलाइटचा प्रकाश आरशावरून निसटावा तसा पुढे निघून जातो. खडीचा उंचसखलपणा पट्ट्यात उतरलेला असेल तर माथे पाण्याबाहेर राहतात आणि पट्टा दिसतो. आंबोली किंवा ताम्हिणीसारख्या घाटात, जिथे पाऊस आणि धुके हातात हात घालून येतात, तिथे कडेची पट्टी खळगे बुजवून सपाट करणे चूक ठरेल. तिथे खडीच्या अंगाने जाणारा थर द्यावा आणि जोडीला रस्त्यात रोवलेले कॅट आय, म्हणजे हेडलाइटमध्ये चमकणारी बटणे, असावेत. हे कॅट आय खडीवर नुसते चिकटवून भागत नाही. भोक पाडून दांडा आत बसवावा लागतो.

झेब्रा क्रॉसिंग, थांबरेषा आणि गतिरोधकावरचे पट्टे यांचे गणित उलटे आहे. तिथे चाके आडवी जातात, ब्रेक लागतात, झीज भयंकर असते. तिथे पूर्ण 2.5 मिलिमीटर आणि तेही माथ्यावर मोजलेले हवेत. पण खडीच्या रस्त्यात अचानक आलेला रुंद गुळगुळीत पट्टा दुचाकीस्वाराला पावसात घसरवतो, म्हणून अशा जागी मालात कठीण दाणेदार चूर मिसळून घ्यावा. घसरणीची चाचणी विनिर्देशांतच आहे. ती केली जात नाही, एवढेच.

आता प्रत्यक्ष कामातल्या चुका. खडीच्या रस्त्यावर झाडू पुरत नाही. झाडूने माथे साफ होतात आणि खळग्यातली माती आणखी घट्ट बसते. तिथे कॉम्प्रेसरची हवाच लागते. साइडपट्टीचा मुरूम कडेवर आलेला असतो, तो आधी खरवडावा. ओलावा हा दुसरा शत्रू. हिवाळ्यात महाबळेश्वर-पाचगणीकडे सकाळचे दव माथ्यांवरून लवकर उडते, पण खळग्यांत टिकून राहते. फूटभर प्लास्टिकचा कागद कडा चिकटवून उन्हात पंधरा-वीस मिनिटे ठेवावा. खाली थेंब धरले तर काम थांबवावे. नाहीतर गरम मालाखाली पाण्याची वाफ होते, पट्ट्याला सुईच्या टोकाएवढी भोके पडतात, आणि त्या भोकांतून पुढे पावसाचे पाणी शिरून पट्टा खालून सुटतो.

जुन्या, कोरड्या पडलेल्या डांबरावर प्रायमर, म्हणजे माल धरून ठेवणारा पातळ लेप, हवा. तो खळग्यांत साचतो आणि वरून वाळलेला दिसला तरी तळाशी ओला असतो. बोटाने खळगा तपासावा. ओल्या प्रायमरवर माल टाकला की तसेच फोड येतात.

मालाचे तापमान साधारण 180 ते 200 अंशांत ठेवायचे आणि भांड्यातला ढवळा सतत फिरता ठेवायचा. थंड माल खळग्यात उतरत नाही, दोन माथ्यांवर पुलासारखा बसतो. खाली हवा राहते आणि पहिल्याच ट्रकखाली तो पूल तुटतो. उलट माल जास्त तापवला किंवा दिवसभर पुन्हा पुन्हा गरम केला तर राळ करपते आणि पांढरा पट्टा पहिल्या दिवसापासूनच पिवळट दिसतो. खडीच्या रस्त्यावरचे खास दुखणे म्हणजे सुटी कच शूच्या पात्याखाली अडकणे. मग पट्ट्यात लांबच लांब चीर पडत जाते आणि यंत्र ढकलणाऱ्याला ती दिसत नाही, कारण ती त्याच्या पायाखालून मागे जाते. मागून चालणाऱ्या माणसाने सांगायचे असते. शूची घसरपट्टी खडीवर लवकर झिजते, त्यामुळे फट एका बाजूला कमी-जास्त होते. रोज सकाळी ती मोजपट्टीने तपासावी.

वेळेबद्दल. मार्चअखेरीच्या घाईत सीलकोट झाला की आठवड्याभरात पट्टे ओढले जातात. त्या वेळी सुटी खडी अजून उडत असते. पट्टा तिच्यावर बसतो आणि तिच्यासकट निघून जातो. शिवाय डांबर जास्त झालेले असेल तर एप्रिल-मेच्या उन्हात ते वर येते आणि पट्टा खालून काळवंडतो. विदर्भ-मराठवाड्यात हे हमखास. सीलकोटनंतर तीन-चार आठवडे वाहतूक जाऊ द्यावी, सुटी खडी दोनदा झाडून काढावी, मग पट्टे. तेवढा वेळ नसेल तर तात्पुरत्या साध्या रंगाने रेषा दाखवाव्यात आणि थर्मोप्लास्टिक ऑक्टोबरात करावे. साध्या रंगाची ओली जाडी अर्ध्या मिलिमीटरहून कमी असते आणि वाळल्यावर ती आणखी उतरते. खडीवर तो एक हंगामच काढणार, हे धरून चालावे.

काँक्रीटचे रस्ते वाढताहेत, म्हणून त्यांच्याबद्दल दोन शब्द. तिथे खडबडीतपणा मुद्दाम काढलेल्या आडव्या खाचांचा असतो. खाच साधारण तीन मिलिमीटर रुंद असते आणि काँक्रीट सुकताना टिकावे म्हणून फवारलेला मेणट थर तिच्यात साचून राहतो. तो न काढता ओढलेला पट्टा झिजत नाही, चक्क सालीसारखा निघतो. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने किंवा घासून तो थर काढणे आणि काँक्रीटसाठीचाच प्रायमर वापरणे, याला पर्याय नाही. फिकट काँक्रीटवर पांढरा पट्टा दिवसाही उठून दिसत नाही. पट्ट्याच्या कडेला काळी किनार दिली तर फरक लगेच जाणवतो.

दुसऱ्यांदा पट्टा मारताना एक फायदा मिळतो आणि तो कुणी घेत नाही. खळगे आधीच्या मालाने भरलेले असतात. जुना पट्टा घट्ट धरून असेल तर वर दीड मिलिमीटरचा थरही पुरतो. अंदाजपत्रकात मात्र पुन्हा 2.5 मिलिमीटरच येतात. म्हणजे पहिल्या वेळी कमी माल आणि दुसऱ्या वेळी जास्त!

यावर उपाय अवघड नाही. पट्ट्याच्या अंदाजपत्रकाला वाळूच्या चाचणीची नोंद जोडणे सक्तीचे करावे. दरसूचीत पट्ट्याचे दोन दर असावेत, एक मिलिमीटरपर्यंतच्या खोलीसाठी एक आणि त्यापुढे दुसरा, आणि दुसऱ्यात मालाचे वजन चौरस मीटरला किलोत लिहिलेले असावे. खर्च वाढेल, हे कबूल. पैसा नसेल तर सरळ रस्त्यावरची मधली तुटक रेषा एक वर्ष थांबवून वळणांवरच्या कडेच्या रेषा आणि थांबरेषा पुऱ्या जाडीने कराव्यात. सगळीकडे पातळ थर देण्यापेक्षा ते बरे. परावर्तनाच्या किमान पातळ्या विनिर्देशांत वेगमर्यादेनुसार ठरलेल्या आहेत. ताशी 65 किलोमीटरपर्यंतच्या रस्त्याला सुरुवातीला 200 आणि दोन वर्षांपर्यंत किमान 80 मिलिकँडेला (दर चौरस मीटर, दर लक्स). दोषदायित्वाचे, म्हणजे ठेकेदाराने दोष दुरुस्त करून द्यायच्या मुदतीतले, मोजमाप या दुसऱ्या आकड्यावर, पावसाळा संपल्यावर, रस्ता धुऊन आणि कोरडा करून घ्यावे. पहिल्या आठवड्यात सगळेच पट्टे चमकतात, नव्याचे नऊ दिवस.

तोवर शाखा अभियंत्यांनी एवढे तरी करावे: संध्याकाळी रिकाम्या गोण्या मोजून आकडा मापपुस्तिकेत लांबी-रुंदीशेजारी लिहावा आणि त्या गोण्या तिथेच फाडून टाकाव्यात, म्हणजे उद्या त्याच पुन्हा मोजल्या जाणार नाहीत.

आपले,
रस्तेबांधणीच्या कामातील काही अभियंते
सातारा